‘आम्ही’ आणि ‘मी’ : झाम्यातिनच्या कादंबरीतील व्यक्ती व समाजनियंत्रण

१

होऊन गेलेल्या काळावर लिहिलेल्या कादंबरीचा उपयोग इतिहासकाराने कसा व कितपत करावा, याविषयी पुष्कळ चर्चा झालेली आहे. परंतु जी कादंबरी अद्याप न आलेल्या काळाचे वर्णन करते, तिचा इतिहासाशी संबंध कोणता, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. अशा कादंबरीतील भाकिते खरी ठरली की खोटी, एवढेच पाहून वाचक सामान्यतः थांबतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका विशिष्ट कृतीच्या आधारे करावयाचा आहे. ती कृती म्हणजे रशियन लेखक येवगेनी झाम्यातिन याने १९२०-२१ च्या सुमारास लिहिलेली ‘आम्ही’ ही कादंबरी होय. विसाव्या शतकातील युरोपीय वाङ्मयात व्यक्ती आणि समाजनियंत्रण यांच्या संघर्षावर ज्या कादंबऱ्या निर्माण झाल्या, त्यांची आद्य कृती म्हणून तिचा उल्लेख केला जातो.

या वाङ्मयप्रकाराच्या नावाविषयी प्रथम दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे. टॉमस मोर याने १५१६ मध्ये ‘युटोपिया’ हा शब्द रूढ केला व त्याबरोबर आदर्शलोकाचे चित्रण करणाऱ्या ग्रंथांची परंपरा सुरू झाली. ‘डिस्टोपिया’ हा शब्द मात्र बराच अर्वाचीन आहे. जॉन स्टुअर्ट मिल याने १८६८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात आयर्लंडच्या जमीनविषयक धोरणावर टीका करताना त्याच्या जवळचे एक रूप उपहासाने वापरले. व्यवहारात न येण्याइतके चांगले ते युटोपिया; तर व्यवहारात न येण्याइतके वाईट अशा योजनांच्या पुरस्कर्त्यांना काय म्हणावे, असा त्याचा रोख होता. येथे त्यास ‘अनिष्टलोक’ असे म्हटले आहे.

तथापि आदर्शलोक आणि अनिष्टलोक हे दोन भिन्न प्रदेश आहेत अशी समजूत करून घेणे चुकीचे ठरेल. मोरच्या युटोपियात घरांना कुलपे नाहीत आणि परवान्यावाचून प्रवास करता येत नाही. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये विवाहाची व संततीची व्यवस्था राज्यकर्ते करतात आणि कवींवर निर्बंध असतात. म्हणजे अनिष्टलोकाच्या वास्तूचे बहुतेक चिरे आदर्शलोकाच्याच खाणीतून निघालेले आहेत. फरक पडतो तो एवढाच की आदर्शलोकाचा लेखक त्या नगराकडे त्याच्या शिल्पकाराच्या दृष्टीने पाहतो, तर अनिष्टलोकाचा लेखक तेथील एखाद्या खोलीत राहणाऱ्या मनुष्याच्या दृष्टीने पाहतो. झाम्यातिनच्या कृतीत विशेष हा की या दोन्ही दृष्टी एकाच मनुष्याच्या ठिकाणी एकत्र आलेल्या आहेत.

२

कादंबरीचे कथानक थोडक्यात असे. सुमारे हजार वर्षांपूर्वी ‘एकराज्या’ने सर्व पृथ्वी आपल्या सत्तेखाली आणली आहे. तत्पूर्वी नगर आणि ग्राम यांच्यात दोनशे वर्षे युद्ध झाले व त्यातून मानवजातीचा अत्यल्प अंश जिवंत राहिला. हे लोक ‘हरित भिंती’च्या आत काचेच्या नगरात राहतात. त्यांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. सर्वांनी एकाच क्षणी उठावे, एकाच क्षणी चमचा तोंडाशी न्यावा, प्रत्येक घास पन्नास वेळा चावावा, चौघाचौघांच्या ओळी करून संगीताच्या तालावर फिरावयास जावे, असा नियम आहे. घरांच्या भिंती पारदर्शक आहेत; पडदे सोडण्याची मुभा केवळ गुलाबी परवान्याने मिळालेल्या स्त्रीपुरुषभेटीच्या वेळेपुरती असते. दिवसातील दोन तास तेवढे ‘वैयक्तिक’ राहिलेले आहेत आणि तेही कधीतरी वेळापत्रकात सामावले जातील अशी कथानायकाला उमेद आहे. ‘उपकारकर्ता’ हा राज्याचा प्रमुख असून त्याची निवड दरवर्षी एकमताच्या दिवशी उघड्या मतदानाने होते.

कथानायक डी-५०३ हा गणिती व अभियंता आहे. परग्रहांवरील अज्ञात जीवांना या गणितबद्ध सुखाचा लाभ करून देण्यासाठी जे अवकाशयान बांधले जात आहे, त्याचा तो मुख्य रचनाकार होय. त्या यानातून पाठविण्यासाठी तो राज्याची स्तुती करणारी टिपणे लिहू लागतो. अशा चाळीस टिपणांची ही कादंबरी आहे. लिहिता लिहिता आय-३३० या स्त्रीशी त्याचा परिचय होतो, भिंतीपलीकडील केसाळ, मुक्त माणसांशी संधान बांधलेल्या बंडखोरांच्या कटात तो ओढला जातो, आणि त्याला एक चमत्कारिक विकार जडतो. वैद्य तपासून सांगतो की, त्याच्या ठायी आत्मा उत्पन्न झालेला आहे. अखेरीस कल्पनाशक्तीचे केंद्र किरणांनी जाळून टाकणारी शस्त्रक्रिया सर्वांवर सक्तीने करण्याचे राज्य ठरविते. डी-५०३ वरही ती होते. शेवटच्या टिपणात तो आय-३३० चा छळ शांतपणे पाहतो आणि बुद्धीचाच विजय होईल असे लिहितो. परंतु नगराच्या पश्चिम भागात बंड अद्याप धुमसत असते. राज्याच्या अनुज्ञेवाचून मूल धारण केलेली ओ-९० ही भिंतीपलीकडे सुखरूप पोहोचलेली असते.

३

ही कादंबरी स्टालिनच्या राजवटीचे चित्र आहे, असे पुष्कळदा म्हटले जाते. या विधानाची तपासणी कालानुक्रमाच्या साध्या कसोटीवर केली असता ते टिकत नाही. कादंबरी लिहिली गेली तेव्हा स्टालिन सत्तेच्या शिखरावर नव्हता. पहिली पंचवार्षिक योजना १९२८ मध्ये सुरू व्हावयाची होती. मॉस्कोचे खटले पंधरासोळा वर्षे दूर होते. जे घडलेच नव्हते त्याचे चित्र लेखक कसे काढणार? भविष्यज्ञानाचा आश्रय करावयाचा नसेल, तर लेखकासमोर प्रत्यक्षात काय होते याचा शोध घेतला पाहिजे. हा शोध आपल्याला प्रथम रशियात नव्हे, तर इंग्लंडमध्ये घेऊन जातो.

झाम्यातिनचा जन्म १८८४ मध्ये लेबेद्यान या गावी झाला. तो पीटर्सबर्गच्या पॉलिटेक्निक संस्थेत शिकलेला नौकारचनाकार होता. १९०५ च्या क्रांतीच्या वेळी तो बोल्शेविक पक्षात होता व त्यापायी त्याने एकांतकोठडीचा तुरुंगवासही भोगला. महायुद्धाच्या काळात, १९१६ मध्ये, रशियासाठी बांधल्या जाणाऱ्या बर्फफोड्या जहाजांच्या देखरेखीसाठी त्याला इंग्लंडला पाठविण्यात आले व टाइन नदीवरील न्यूकॅसल येथे त्याने सुमारे दीड वर्ष काढले. त्याच्या कामाशी निगडित असलेल्या जहाजांपैकी एकाचे नाव पुढे ‘लेनिन’ ठेवण्यात आले; दुसरे ‘क्रासिन’ या नावाने १९२८ मध्ये नोबिलेच्या ध्रुवमोहिमेतील लोकांच्या सुटकेमुळे जगप्रसिद्ध झाले. डी-५०३ हा यानाचा रचनाकार असावा, यामागे लेखकाचा हा स्वानुभव आहे हे उघड आहे. संघटित श्रमाचे सौंदर्य, यंत्राच्या लयीतील मोहकता, आकडेमोडीतील शुद्ध आनंद ही झाम्यातिनला परकी नव्हती. ज्या गोष्टीचा उपहास तो करतो, तिच्यावर त्याचे प्रेमही आहे.

इंग्लंडमधील वास्तव्यात त्याने ‘बेटवासी’ ही कथा लिहिली. तीत एक धर्मोपदेशक आहे. माणसांचा उद्धार सक्तीने केला पाहिजे असे त्याचे मत असून भोजन, व्यायाम, दानधर्म इतकेच नव्हे तर पतिपत्नींचा सहवास यांचीही वेळापत्रके त्याने घरात लावलेली आहेत. एकराज्यातील वेळापत्रकाचे बीज येथे सापडते. याचा अर्थ असा की समाजनियंत्रणाचे पहिले चित्र झाम्यातिनने रंगविले ते क्रांतिकारक राज्याचे नव्हते. ते एका सुस्थिर, प्रतिष्ठित, धर्मभीरू इंग्रज गावाचे होते. तेथे पोलिसांची आवश्यकता नव्हती. शेजाऱ्याची नजर पुरेशी होती.

४

दुसरा धागा अमेरिकेतून आलेला आहे. फ्रेडरिक टेलर याचा शास्त्रीय व्यवस्थापनावरील ग्रंथ १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. कामगाराच्या प्रत्येक हालचालीचे पृथक्करण करावे, घड्याळ लावून तिला लागणारा वेळ मोजावा, आणि काम करण्याची एकमेव उत्कृष्ट पद्धत निश्चित करून तीच सर्वांना लावावी, हे त्याचे सूत्र होते. लेनिनने १९१४ मध्ये या पद्धतीवर, ती माणसाला यंत्राचा गुलाम करते, अशी टीका केली होती. पण १९१८ च्या वसंतात, सत्ता हाती आल्यावर, त्यानेच या पद्धतीचा अभ्यास करून ती रशियाच्या परिस्थितीस अनुरूप करून घ्यावी असे प्रतिपादन केले. ‘आम्ही’मधील कथानायक टेलरला प्राचीनांतील सर्वश्रेष्ठ प्रतिभावंत मानतो, टेलरने आपली पद्धत दिवसाच्या चोवीसही तासांना लावली नाही एवढीच त्याची तक्रार आहे.

टेलरच्या रशियन अनुयायांत अलेक्सेई गास्तेव हा प्रमुख होता. तो कवी होता व धातुकामगारही होता. १९२० मध्ये मॉस्को येथे त्याने श्रमविषयक केंद्रीय संस्थेची स्थापना केली. त्यापूर्वी, १९१९ मध्ये, ‘प्रोलेतार्स्काया कुल्तुरा’ या नियतकालिकातील लेखात त्याने असे मत मांडले होते की, यंत्रोद्योगामुळे श्रमजीवी वर्गाचे मानसही एकसाची बनत जाईल आणि व्यक्तीला नावाऐवजी एखादे अक्षर किंवा आकडा लावणे शक्य होईल. गास्तेवला यात भय वाटत नव्हते. त्याला त्यात नव्या संस्कृतीचा अरुणोदय दिसत होता. हा लेख वाचल्यावर डी-५०३ हे नाव केवळ कल्पनेची भरारी आहे असे कोणास वाटणार नाही. याच सुमारास श्रमजीवी कवींच्या कवितांत ‘आम्ही’ हे सर्वनाम जयघोषासारखे गाजत होते. किरिलोव्ह व गेरासिमोव्ह यांच्या कवितांची शीर्षकेही तीच होती. १९२० मध्ये श्रमसेना उभारण्यात येत होत्या. झाम्यातिनचे शीर्षक हे त्या जयघोषाला दिलेले प्रत्युत्तर होय.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट नमूद केली पाहिजे. गास्तेवच्या मताला त्याच नियतकालिकातून बोग्दानोव्ह याने विरोध केला. म्हणजे क्रांतीच्या गोटात या प्रश्नावर एकवाक्यता नव्हती. झाम्यातिन हा क्रांतीबाहेरून बोलणारा शत्रू नव्हता. चालू असलेल्या वादातील तो एक पक्ष होता. हे ध्यानात घेतले नाही तर कादंबरीचा अर्थ संकुचित होतो.

५

या नियंत्रणाचे आकर्षण कशात होते, हे समजल्यावाचून त्याच्या विरोधाचे मोल कळत नाही. कादंबरी लिहिली गेली त्या काळचे पेत्रोग्राद शहर उपाशी व गोठलेले होते. १९१७ मधील लोकसंख्येचा केवळ सुमारे एकतृतीयांश भाग १९२० मध्ये शहरात उरला होता. याच काळात झाम्यातिनने ‘गुहा’ ही लघुकथा लिहिली. तीत शहरातील घरे आदिमानवाच्या गुहांसारखी झाली आहेत, शेगडी ही देवता बनली आहे, आणि आजारी पत्नीला तिच्या नामदिनी ऊब मिळावी म्हणून एक सुसंस्कृत मनुष्य शेजाऱ्याची लाकडे चोरतो. चोरी करताना आपल्यातला जुना मनुष्य मरतो आहे याची त्याला जाणीव असते.

‘गुहा’ आणि ‘आम्ही’ या कृती एकत्र वाचावयास हव्यात. एकीत भूक, थंडी व अव्यवस्था यांनी व्यक्ती नष्ट होते. दुसरीत तृप्ती, ऊब व व्यवस्था यांनी. काचेचे ते स्वच्छ, प्रकाशमान नगर हे गुहेत कुडकुडणाऱ्या माणसाचे स्वप्न आहे. ज्याच्या घरात सरपण नाही त्याला वेळापत्रकाचा जाच वाटत नाही. कादंबरीतील कवी आर-१३ असे म्हणतो की, आदिम दांपत्यापुढे दोनच पर्याय होते, स्वातंत्र्यावाचून सुख किंवा सुखावाचून स्वातंत्र्य. त्यांनी दुसरा निवडला आणि मानवजात युगानुयुगे बेड्यांसाठी झुरत राहिली. हा युक्तिवाद दस्तयेवस्कीच्या महाधर्मन्यायाधीशाचा आहे. दस्तयेवस्कीने १८६४ मध्येच, लंडनच्या स्फटिकप्रासादाच्या निमित्ताने, सर्व काही गणिताने ठरलेल्या सुखाविरुद्ध मनुष्याच्या हट्टी इच्छेचा कैवार घेतला होता. झाम्यातिनने त्या प्रासादाचे नगर केले व त्यातच राहणाऱ्या एका समाधानी माणसाच्या हाती लेखणी दिली.

हे समाधान हाच कादंबरीचा गाभा आहे. राज्याचे रक्षक डी-५०३ च्या पाठीमागे असतात हे खरे. परंतु त्याचा खरा पहारेकरी त्याच्या मनातच बसलेला आहे. आत्म्याचा विकार बरा व्हावा, अशी त्याची स्वतःचीच तळमळ असते. ‘आम्ही’ म्हणजे ईश्वर आणि ‘मी’ म्हणजे सैतान, अशी त्याची श्रद्धा आहे. व्यक्ती विरुद्ध समाज असा सरळ सामना येथे नाही. समाज व्यक्तीच्या आत शिरून तिच्याच आवाजात बोलतो, आणि त्या आवाजापासून स्वतःचा आवाज वेगळा ओळखणे हाच संघर्ष होय. म्हणून टिपणांचे रूप महत्त्वाचे ठरते. ‘आम्ही’च्या स्तुतीसाठी सुरू झालेले लेखन हळूहळू ‘मी’चे लेखन बनते, वाक्ये तुटतात, उपमा अनावर होतात. शस्त्रक्रियेनंतर अक्षर तेच राहते, परंतु हे सारे आपण लिहिले यावर लिहिणाऱ्याचाच विश्वास बसत नाही.

या ठिकाणी मराठी वाचकाला एक विचार सुचल्याखेरीज राहत नाही. मराठीत उत्तम पुरुषाच्या अनेकवचनाला ‘आम्ही’ व ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. पहिला श्रोत्याला वगळतो, दुसरा त्याला सामावून घेतो. रशियन भाषेत हा भेद नाही. तेथील एकच सर्वनाम दोन्ही कामे करते आणि त्याचा उच्चार, विनोद असा की, आपल्या ‘मी’च्या जवळ जाणारा आहे. मग या कादंबरीचे शीर्षक मराठीत कोणते करावे? एकराज्याचा दावा ‘आपण’ असा आहे, म्हणजे बाहेर कोणीच उरलेला नाही. परंतु ज्या समूहाला भिंत बांधावी लागते व बाहेरच्यांना यान पाठवून सुखी होण्यास भाग पाडावेसे वाटते, तो समूह ‘आम्ही’च होय. उलट डी-५०३ ज्या अज्ञात वाचकांना उद्देशून लिहितो, त्यांच्याशी कळत नकळत तो एक ‘आपण’ जोडू पाहतो. व्यक्तित्व म्हणजे एकटेपणा नव्हे, हे येथे सूचित होते. ओ-९० ला मूल हवे असते. आय-३३० ला साथीदार हवे असतात. झाम्यातिनचा विरोध सामुदायिक जीवनाला नाही. ज्या समुदायात ‘नाही’ म्हणण्यास जागा नाही, त्याला आहे.

६

कादंबरीच्या प्रकाशनाचा इतिहास हाही या विषयातील एक पुरावाच आहे. १९२२ मध्ये समीक्षक व्होरोन्स्की याने ती अप्रकाशित असतानाच तिच्यावर प्रतिकूल अभिप्राय छापला. वाचकांना जे पुस्तक वाचावयास मिळत नव्हते त्याचे खंडन मात्र मिळत होते. त्याच वर्षी ‘ग्लावलित’ हे प्रकाशनपूर्व तपासणीचे खाते स्थापन झाले. त्याच वर्षी झाम्यातिनला अटकही झाली आणि झारच्या पोलिसांनी ज्या तुरुंगात ठेवले होते त्याच तुरुंगाच्या त्याच ओवरीत त्याला पुन्हा जावे लागले. कादंबरी प्रथम छापली गेली ती १९२४ मध्ये न्यूयॉर्क येथे, इंग्रजी भाषांतराच्या रूपाने. १९२७ मध्ये चेक भाषांतर निघाले आणि प्राग येथील एका निर्वासित रशियन नियतकालिकाने काही भाग चेकवरून पुन्हा रशियनमध्ये आणल्याचे भासवून छापले. १९२९ मध्ये हेच निमित्त करून झाम्यातिन व बोरिस पिल्न्याक यांच्याविरुद्ध वृत्तपत्रांतून मोहीम उघडण्यात आली. लेखकसंघाने आपल्याच सभासदांविरुद्ध एकमुखी ठराव केले. कादंबरीतील एकमताचा दिवस असा प्रत्यक्षात उतरला. झाम्यातिनने संघाचा राजीनामा दिला.

जून १९३१ मध्ये त्याने स्टालिनला पत्र लिहिले. लेखन करू न देणे ही लेखकाच्या दृष्टीने देहान्ताची शिक्षाच होय, असे सांगून त्याने निदान काही काळ परदेशी जाण्याची अनुमती मागितली. क्षमायाचना त्या पत्रात नव्हती. गॉर्कीच्या मध्यस्थीने अनुमती मिळाली. तो पॅरिसमध्ये राहिला, आणि १९३७ मध्ये दारिद्र्यात वारला. सोव्हिएत पारपत्र त्याने अखेरपर्यंत टाकले नाही. मागे राहिलेल्यांचे काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. व्होरोन्स्की १९३७ मध्ये आणि पिल्न्याक १९३८ मध्ये गोळीला बळी पडले. माणसाला आकडा लावता येईल असे म्हणणारा गास्तेव १९३८ मध्ये पकडला गेला व पुढील वर्षी मारला गेला. ‘मी’चा कैवारी आणि ‘आम्ही’चा गायक यांच्यात त्या यंत्राने भेद केला नाही. ‘आम्ही’ संपूर्ण रशियन भाषेत १९५२ मध्ये न्यूयॉर्कला प्रसिद्ध झाली आणि लेखकाच्या स्वदेशात १९८८ मध्ये, म्हणजे लिहून झाल्यानंतर सुमारे सदुसष्ट वर्षांनी.

७

पुढील परंपरेचा केवळ निर्देश करणे पुरे आहे. ऑल्डस हक्स्ली याच्या १९३२ मधील ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मध्ये टेलरचे स्थान हेन्री फोर्डने घेतले आणि नियंत्रणाचे साधन शस्त्रक्रियेऐवजी गर्भावस्थेपासूनचे संस्कार व सुखदायी गोळी हे झाले. जॉर्ज ऑरवेल याने झाम्यातिनची कादंबरी फ्रेंच भाषांतरात वाचून जानेवारी १९४६ मध्ये तिच्यावर लेख लिहिला. १९४९ मध्ये त्याची ‘नाइन्टीन एटी-फोर’ प्रसिद्ध झाली. ऑरवेलच्या राज्याला सुखाचा बहाणाही लागत नाही. सत्ता हेच तेथे साध्य आहे. तथापि १९४६ च्या त्या लेखात ऑरवेलने केलेले निदान मार्मिक होते. झाम्यातिनचा रोख कोणत्या एका देशावर नसून यंत्रोद्योगप्रधान संस्कृतीच्या गर्भित हेतूंवर आहे, असे त्याने म्हटले. शीतयुद्धाच्या काळातील वाचकांना हे निदान सोयीचे नव्हते. वर दिलेला कालानुक्रम मात्र त्यास पुष्टी देतो.

तात्पर्य, अनिष्टलोकाच्या कादंबरीस भविष्यकथन मानून तिची परीक्षा करणे हे दोन्ही बाजूंनी घातक आहे. भाकीत खोटे ठरले तर आपण निर्धास्त होतो. खरे ठरले तर दोष दुसऱ्या देशाचा म्हणून निर्धास्त होतो. इतिहासकाराने तिच्याकडे तत्कालीन प्रवृत्तींचा साक्षीदार म्हणून पाहावे. न्यूकॅसलमधील वेळापत्रक, टेलरचे घड्याळ, गास्तेवचा आकडा, गोठलेल्या पेत्रोग्रादची भूक या चारही गोष्टी १९२० पूर्वीच्या आणि खऱ्या होत्या. त्यांपैकी प्रत्येक वेगळी घेतली तर निरुपद्रवी, क्वचित उपकारकही वाटते. त्या एकत्र आल्या असता काय होईल, हे झाम्यातिनने रचनाकाराच्या हिशेबीपणाने मांडून दाखविले. आय-३३० ही गणितीला विचारते की, शेवटची संख्या कोणती? शेवटची संख्या नसेल तर शेवटची क्रांतीही नाही. एकराज्याला हा प्रश्न सहन झाला नाही, तसाच तो त्या कादंबरीला सदुसष्ट वर्षे दडपून ठेवणाऱ्या राज्यालाही झाला नाही. जी व्यवस्था स्वतःला अंतिम समजते ती व्यक्तीला नाव उरू देते की नाही, याची पाहणी कोणत्याही काळाच्या इतिहासकाराने त्या काळच्या कागदपत्रांत करावी. या कादंबरीने त्या पाहणीची दिशा दाखवून ठेवली आहे.